पॅन्क्रियाजच्या ऑपरेशननंतर 'अजून किती वर्षं?' हे एकदाच विचारून थांबू नका

पॅन्क्रियाजच्या, म्हणजे स्वादुपिंडाच्या, कॅन्सरचं ऑपरेशन नीट पार पडलं की घरातल्या प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न घोळत असतो आणि तो मोठ्याने कोणीच विचारत नाही. मग जो तो आपापल्या मोबाईलवर शोधतो आणि पहिल्याच पानावर दिसतं, पाच वर्षं जगणारे साधारण १३ टक्के. ताईचं व्हिपल ऑपरेशन (पॅन्क्रियाजचं डोकं आणि त्याला लागून असलेले भाग काढायचं) झालं तेव्हा आमच्या घरातही हेच चाललं होतं, सगळ्यांनी वाचलेलं आणि कोणीच कोणाला सांगितलेलं नाही. मी डॉक्टर नाही, पण रोजचं काम आकडेवारीचं आहे, त्यामुळे हे आकडे येतात कुठून, एका माणसाला ते किती लागू पडतात हे मी नंतर बरंच वाचलं, ताईच्या डॉक्टरांनाही खोदून खोदून विचारलं. त्यातलं जे अशाच अवस्थेतल्या दुसऱ्या घराला उपयोगी पडेल असं वाटतं ते इथे लिहितेय. उपचारांचा सल्ला म्हणून नका वाचू, तो तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

सगळ्यात आधी तो १३ टक्क्यांचा आकडा. तो अमेरिकेतला आहे आणि सगळ्या पेशंटचा मिळून आहे, म्हणजे ज्यांचा आजार कळला तेव्हाच लिव्हरपर्यंत गेला होता तेसुद्धा त्यात धरलेत, आणि या कॅन्सरमध्ये असेच पेशंट जास्त असतात. निदान होतं तेव्हा लगेच ऑपरेशन करण्यासारखी परिस्थिती साधारण १५ ते २० टक्के लोकांचीच असते. तुमच्या माणसाचं ऑपरेशन झालंय म्हणजे तो याच छोट्या गटातला, आणि त्या गटाचा हिशोब वेगळा मांडावा लागतो. हे सांगायला पाच मिनिटं पुरतात हो, पण आम्हाला ते आपणहून कोणी सांगितलं नाही, आणि तेवढे दिवस आम्ही उगाच भलताच आकडा उराशी धरून बसलो होतो.

दुसरी गोष्ट याहून मूलभूत आहे. नेमका कोणता कॅन्सर? पॅन्क्रियाजच्या डोक्याशी इतक्या गोष्टी एकमेकींना चिकटून असतात, पित्तनळीचं शेवटचं टोक, ती नळी आतड्यात उघडते ती जागा म्हणजे अॅम्प्युला, लहान आतड्याची सुरुवात, की तिथल्या गाठी स्कॅनवर सारख्याच दिसू शकतात आणि ऑपरेशनही तेच व्हिपल करतात, पण पुढचं आयुष्य खूप वेगवेगळं असतं. नेहमीचा जो घातक प्रकार आहे तो डक्टल अॅडिनोकार्सिनोमा, पॅन्क्रियाजमधल्या नळ्यांच्या अस्तरात सुरू होणारा. न्यूरोएंडोक्राइन गाठ, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींची, हा पूर्ण वेगळा आजार, स्टीव्ह जॉब्जना तो होता, निदान २००३ मध्ये झालं आणि ते गेले २०११ मध्ये. त्यांचं उदाहरण देऊन डक्टल कॅन्सरवाल्या घराला धीर देणारे लोक चांगल्या मनाने बोलत असतात, पण ती तुलनाच चुकीची आहे. फिनलंडमध्ये यावर एक अभ्यास झाला होता, २००५ मध्ये छापून आला. १९९० ते १९९६ या काळातले ४९२२ पेशंट बघितले, त्यातले पाच वर्षांहून जास्त जगलेले फक्त ८९, आणि त्यांची कागदपत्रं आणि पॅथॉलॉजी पुन्हा तपासली तेव्हा खात्रीने डक्टल अॅडिनोकार्सिनोमा होता असे उरले १०. बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांना मुळात हा कॅन्सर नव्हताच. म्हणून रिपोर्टमधली कॅन्सरच्या प्रकाराची ओळ आधी वाचायची आणि शंका असेल तर स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवायला अजिबात संकोच करायचा नाही. डॉक्टरांना वाईट वाटेल वगैरे मनात आणू नका, त्यांना याची सवय असते.

आता तो पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, म्हणजे ऑपरेशनमध्ये काढलेला भाग तपासून लॅब जो देते तो. ऑपरेशननंतरचं जवळपास सगळं भाकीत या कागदातून निघतं. गाठ केवढी, दोन सेंटिमीटरच्या आत, दोन ते चारमध्ये की चारच्या वर. पेशी किती बिघडलेल्या आहेत, म्हणजे ग्रेड. नसांच्या, म्हणजे नर्व्हच्या, आवरणात आणि रक्तवाहिन्यांमध्ये आजार शिरलाय का, नसांमध्ये बहुतेकांच्या शिरलेला असतोच त्यामुळे ते वाचून एकदम खचू नका. आणि सगळ्यात बोलका भाग लिम्फ नोडचा, म्हणजे आजूबाजूच्या ज्या छोट्या ग्रंथींत कॅन्सर पसरू शकतो त्यांचा. एकही नोड बाधित नसेल तर एन झिरो, एक ते तीन असतील तर एन वन, चार किंवा जास्त असतील तर एन टू. युरोप आणि अमेरिकेतल्या मोठ्या सेंटरांनी १५२५ ऑपरेशन झालेल्या पेशंटवर ही पद्धत तपासली होती, त्यात पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण एन झिरोमध्ये ३५.६ टक्के, एन वनमध्ये २०.८ आणि एन टूमध्ये १०.९ होतं.

या तीन आकड्यांवर मी खूप वेळ घालवला. फरक खरा आहे, मोठा आहे, त्यात शंका नाही. पण जरा उलट बाजूने बघा, ज्यांचा एकही नोड बाधित नव्हता, ज्यांना घरच्यांनी 'सुटलो' म्हणून मिठी मारली असेल, त्यातलेही जवळजवळ दोन तृतीयांश लोक पाच वर्षांपर्यंत पोचले नाहीत, आणि ज्यांचे चार, सहा, आठ नोड बाधित होते त्यातला साधारण नवातला एक पोचला. म्हणजे नोड बघून गट पाडता येतात, पण त्या गटातला आपला माणूस कोणत्या बाजूला जाईल ते त्यावरून कळत नाही. किती नोड तपासले हेही बघावं लागतं, साधारण १२ ते १५ तरी तपासलेले असावेत अशी अपेक्षा असते. कारण पाचच बघितले आणि पाचही स्वच्छ निघाले तर त्या 'एन झिरो'ला फार वजन नाही.

मार्जिनचं तर अजूनच गुंतागुंतीचं आहे. सर्जनने कापलेल्या कडेला कॅन्सरच्या पेशी नसतील तर आर झिरो, असतील तर आर वन, ऐकायला सोपं वाटतं. पण कडेला म्हणजे नेमकं कुठे? पेशी कडेला टेकलेल्या असल्या तरच आर वन म्हणायचं, की एक मिलिमीटरच्या आत असल्या तरी म्हणायचं? कडा किती बाजूंनी तपासायच्या? जर्मनीत हायडेलबर्गच्या सेंटरने २००८ मध्ये दाखवलं की तपासायची पद्धत बदलून काटेकोर केली तर त्यांच्याच हॉस्पिटलमधलं आर वनचं प्रमाण १४ टक्क्यांवरून ७६ टक्क्यांवर गेलं. सर्जन काही अचानक वाईट झाले नव्हते, बघणं जास्त बारकाईचं झालं. त्यामुळे 'आर वन आलंय' हे ऐकल्यावर कोलमडून जाण्याआधी तुमच्या लॅबची पद्धत काय आहे ते विचारा, आणि आर झिरो आलं असेल तर ते कोणत्या नियमाने तेही विचारा. काटेकोर पद्धतीतला आर वन आणि ढिल्या पद्धतीतला आर झिरो यात वाटतो तेवढा फरक नसू शकतो.

रक्तातला सीए १९-९ हा मार्करही, म्हणजे या कॅन्सरमध्ये बहुतेकांच्या रक्तात वाढणारा पदार्थ, भाकितात धरतात. नॉर्मल ३७ च्या खाली. ऑपरेशनआधीचा आकडा कावीळ असताना फुगलेला असतो, पित्ताचा मार्ग मोकळा झाल्यावर तो घसरतो, म्हणून काविळीतला आकडा पकडून बसू नये. खरं महत्त्व ऑपरेशननंतरच्या आकड्याला. अमेरिकेतल्या एका मोठ्या ट्रायलमध्ये ऑपरेशननंतर हा १८० च्या वर राहिला त्या लोकांचं आयुष्य बरंच कमी निघालं, कारण तो वर राहणं म्हणजे कुठेतरी न दिसणारा आजार शिल्लक असल्याची खूण असते. आणि एक गोष्ट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, साधारण ५ ते १० टक्के लोकांच्या शरीरात हा मार्कर तयारच होत नाही, जन्मजातच. त्यांचा रिपोर्ट कायम नॉर्मल येणार. अशा माणसाने त्यावर विसंबून राहायचं नाही, स्कॅनवरच लक्ष ठेवायचं.

आता हे सगळं एकत्र करून आकडा काढणारी कॅल्क्युलेटर आहेत, त्यांना नोमोग्राम म्हणतात. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी २००४ मध्ये ५५५ पेशंटच्या माहितीवरून पहिला नावाजलेला नोमोग्राम बनवला. वय, गाठीची जागा, आकार, ग्रेड, नोड, मार्जिन, वजन कमी झालं का, पाठ दुखते का, अशा गोष्टींना गुण देऊन एक, दोन आणि तीन वर्षांची शक्यता सांगायची. त्यानंतर नेदरलँड्समध्ये, इतर ठिकाणीही असे मॉडेल तयार झाले. माझ्यासारख्या माणसाला हे बघून हुरूप येणारच, बसून ताईचे आकडे भरायची इच्छा मलाही झाली. पण आधी मी त्या मॉडेलची अचूकता बघितली. ती मोजायची पद्धत अशी, कोणतेही दोन पेशंट घ्या, त्यातलं जास्त कोण जगेल हे मॉडेलला विचारा, १०० जोड्यांपैकी किती वेळा उत्तर बरोबर येतं ते मोजा. नाणं उडवून सांगितलं तर ५० वेळा बरोबर येईल. स्लोन केटरिंगच्या नोमोग्रामचं उत्तर ६४ वेळा बरोबर आलं, नुसत्या स्टेजवरून सांगितलं तर ५६ वेळा. म्हणजे स्टेजपेक्षा चांगलं, नक्कीच, आणि ट्रायलसाठी गट पाडायला, दोन हॉस्पिटलांची तुलना करायला खूप उपयोगाचं. पण १०० पैकी ३६ जोड्यांमध्ये उलटं होणार असेल तर एका माणसाच्या आयुष्याचा निकाल त्यावर लावता येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. मी ताईचे आकडे भरले नाहीत.

याच्या पुढचा मुद्दा आकड्यांच्या कामात रोज भेटतो म्हणून माझ्या लगेच लक्षात आला. आकडा काढताना मोजलं कोणाला? जेमसिटाबिन नावाचं केमोचं औषध घ्या. ऑपरेशननंतर हे एकच औषध दिलेल्या लोकांचा मीडियन, म्हणजे निम्मे लोक जिथवर पोचले तो काळ, जर्मनीतल्या कॉन्को ट्रायलमध्ये २२.८ महिने निघाला, युरोपातल्या एस्पॅक-४ मध्ये, २०१७ साली, २५.५ महिने, आणि फ्रान्स-कॅनडाच्या प्रॉडिज-२४ मध्ये, २०१८ साली, ३५ महिने. औषध तेच! मग वर्षभराचा फरक आला कुठून? बराचसा फरक माणसं निवडण्यातून आला. प्रॉडिजमध्ये ऑपरेशननंतर सीए १९-९ १८० च्या वर असलेले घेतलेच नव्हते, ८० च्या पुढच्या वयाचे घेतले नव्हते, ऑपरेशनमधून चांगले सावरलेलेच घेतले होते. आणि मधल्या काळात आजार परत आल्यावर द्यायची औषधंही सुधारली होती. म्हणून कोणी 'या केमोने इतके महिने मिळतात' असं सांगितलं की मी आधी विचारते, कोणाला? त्याच ट्रायलमध्ये फोल्फिरिनॉक्सचा (बऱ्याच औषधांची मिळून केमो) बदललेला डोस घेणाऱ्यांचा मीडियन ५४.४ महिने आला, पाच वर्षांनंतर ४३.२ टक्के लोक हयात होते, जेमसिटाबिनवाले ३१.४. हा फरक मात्र खरा औषधाचा, कारण दोन्ही गट एकाच चाळणीतून आलेले आणि चिठ्ठ्या टाकाव्या तसे वाटलेले. कॉन्कोमध्येही तसंच, ऑपरेशननंतर काहीच न घेणाऱ्यांपैकी १०.४ टक्के पाच वर्षं जगले, जेमसिटाबिन घेणाऱ्यांपैकी २०.७. एका औषधाने दुप्पट.

आणि आता मला जे मुख्य सांगायचंय ते.

ऑपरेशनच्या वेळी सांगितलेला आकडा त्या दिवसाचाच असतो, पुढे तो शिळा होतो. माणूस एक वर्ष जगला, स्कॅन स्वच्छ आला, की जुना आकडा त्याला लागूच होत नाही, कारण त्या जुन्या आकड्यात जे लोक पहिल्या वर्षात गेले त्यांनाही धरलं होतं आणि हा माणूस त्यांच्यात नाही हे आता कळलंय. प्रॉडिजचेच आकडे घ्या. फोल्फिरिनॉक्सच्या गटात तीन वर्षांनी ६३.४ टक्के हयात होते आणि पाच वर्षांनी ४३.२. सुरुवातीला विचारलं तर पाच वर्षं गाठायची शक्यता ४३ टक्के. पण जो तीन वर्षं पार करून बसलाय त्याच्यासाठी? ६३.४ मधले ४३.२, म्हणजे ६८ टक्के. हा माझा ढोबळ हिशोब आहे, पण तत्त्व हेच, डॉक्टरी भाषेत याला कंडिशनल सर्व्हायव्हल म्हणतात आणि नेदरलँड्समध्ये तर तसं मॉडेलही बनवलंय. आजार परत येण्याचा सगळ्यात मोठा धोका पहिल्या दोन वर्षांत असतो, त्यामुळे त्या दोन वर्षांतला प्रत्येक स्वच्छ स्कॅन शक्यता वर ढकलतो.

याची दुसरी बाजूही सांगायलाच हवी नाहीतर मी खोटी आशा दाखवल्यासारखं होईल. पाच वर्षं झाली म्हणजे बरा झाला, हे बाकी काही कॅन्सरमध्ये चालतं, इथे चालत नाही. कॉन्कोमध्ये जेमसिटाबिनच्या गटात पाच वर्षांना २०.७ टक्के होते आणि दहा वर्षांना १२.२, म्हणजे पाच वर्षं पार केलेल्या दहांपैकी सहा जण दहाव्या वर्षापर्यंत पोचले, चार नाही. सगळे या कॅन्सरनेच गेले असं नाही, वय असतं, बाकीचे आजार असतात. पण फॉलोअप बंद करायचा नाही. अमेरिकेच्या न्यायाधीश रूथ बेडर गिन्सबर्ग यांचं ऑपरेशन २००९ मध्ये झालं, गाठ अगदी लहान असताना सापडली होती, आणि त्या ११ वर्षांनी २०२० मध्ये गेल्या, पॅन्क्रियाजच्याच कॅन्सरने. अकरा वर्षं, त्यातली बहुतेक कोर्टात काम करत. हे उदाहरण मला आवडतं कारण त्यात दोन्ही आहे, किती मोठं आयुष्य मिळू शकतं तेही आणि सावध किती काळ राहावं लागतं तेही.

मला खटकतं ते एवढंच की ऑपरेशननंतर एकदा आकडा सांगितला जातो, घाईघाईत, आणि नंतर दर तीन-चार महिन्यांनी भेट होते तेव्हा फक्त 'स्कॅन ठीक आहे, पुढची तारीख घ्या'. तो जुना आकडा घरातल्यांच्या डोक्यात तसाच बसलेला असतो, दोन वर्षांनीसुद्धा. त्याच्यावरून लोक निर्णय घेतात, नोकरी सोडतात, मुलांची लग्नं घाईने उरकतात, घर विकायला काढतात. आकडा बदललाय हे त्यांना सांगितलं तर किती गोष्टी वेगळ्या होतील! म्हणून आपणच विचारायचं, डॉक्टर, आज या टप्प्यावर, हा स्कॅन धरून, पुढच्या दोन वर्षांचं काय वाटतं? असा प्रश्न विचारला की उत्तरही नेमकं मिळतं, हा माझा अनुभव. आणि एका आकड्याऐवजी तीन मागायचे, वाईटात वाईट, साधारण आणि चांगल्यात चांगलं. आमच्या ऑन्कोलॉजिस्ट मॅडमनी हे तीन भाग इतके शांतपणे सांगितले की मीडियन ऐकून जी धडधड व्हायची ती झाली नाही.

कॅल्क्युलेटरमध्ये नसलेल्या काही गोष्टीही आहेत आणि त्या आपल्या हातातल्या आहेत म्हणून त्यांच्याबद्दल थोडं जास्त. केमो पूर्ण करणं. एस्पॅक-३ या ट्रायलच्या ९८५ लोकांचा अभ्यास करून असं दिसलं की केमो लवकर सुरू करण्यापेक्षा सहाही सायकल पूर्ण करणं जास्त महत्त्वाचं ठरलं, माणूस सावरायला वेळ घेत असेल तर १२ आठवड्यांपर्यंत थांबलं तरी नुकसान दिसलं नाही. आता यात एक मेख आहे, जे मुळात धडधाकट होते त्यांनीच सगळ्या सायकल पूर्ण केल्या असणार, त्यामुळे सगळं श्रेय केमोला देता येणार नाही. तरी मला यातून जे कळलं ते हे की ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे अंगात ताकद आणण्यासाठी वापरायचे. ताईचं वजन उतरत चाललं होतं, खाल्लेलं अंगी लागत नव्हतं, शौचाला तेलकट व्हायचं, आणि आम्ही समजत होतो की कॅन्सरच आहे म्हणून असं होतंय. कारण वेगळंच होतं, पचवायला लागणारे एन्झाइम कमी पडत होते. एन्झाइमच्या कॅप्सूल खाण्याच्या आधी किंवा नंतर नाही, खाताखाताच घ्यायच्या असतात, आणि डोस कमी पडत असेल तर वाढवून मागायचा असतो. ते बसल्यावर तिचं वजन थांबलं आणि मग केमो झेपायला लागली. शुगरचंही तसंच, ऑपरेशननंतर डायबेटिस होऊ शकतो, तो बघत राहायचा. मन उदास असेल तर तेही सांगायचं, या आजारात ते फार होतं आणि त्यावर औषध आहे.

जीन्सची तपासणीही करून घ्या, प्रत्येकाने. या कॅन्सरमध्ये जवळपास ९० टक्के गाठींत केरॅस नावाचा जीन बदललेला असतो, ते ठीक, पण थोड्या लोकांमध्ये बीआरसीए वन किंवा टू या जीन्समध्ये जन्मजात बिघाड असतो आणि त्यांना प्लॅटिनम गटातली केमो जास्त चांगली लागू पडते. शिवाय भावंडांना आणि मुलांनाही त्याची माहिती हवी. आमच्याकडे माझी आणि धाकट्या भावाची, दोघांची तपासणी झाली.

संशोधनात सध्या सगळ्यात जास्त उत्सुकता मला ज्याची आहे ते म्हणजे काही लोक इतकी वर्षं कशी जगतात याचा उलट बाजूने शोध. स्लोन केटरिंगच्याच टीमने २०१७ मध्ये दाखवलं की खूप वर्षं जगलेल्यांच्या गाठींमध्ये प्रतिकारशक्तीच्या टी-सेल जास्त जोमाने काम करताना दिसतात, जणू शरीराने तो कॅन्सर ओळखलेला असतो. त्यावरूनच प्रत्येक पेशंटच्या स्वतःच्या गाठीवरून बनवलेल्या एमआरएनए लसीची चाचणी झाली, २०२३ मध्ये पहिले निकाल आले, १६ पैकी ८ जणांमध्ये लसीने टी-सेल जागे केले आणि त्या आठ जणांमध्ये आजार परत यायला जास्त काळ लागला. सोळाच लोक आहेत, आणि लसीला प्रतिसाद देणारे मुळातच वेगळे असू शकतात, हे लक्षात ठेवूनच मी ते वाचते. मोठी ट्रायल सुरू झालीये. पण माझ्या दृष्टीने यात भाकितासाठीही मोठी गोष्ट आहे, कारण आतापर्यंतचे बहुतेक नोमोग्राम मुख्यतः गाठीकडे बघतात, त्या गाठीशी झुंजणाऱ्या प्रतिकारशक्तीकडे फारसं कोणी बघत नव्हतं. रक्तात फिरणारे कॅन्सरच्या डीएनएचे तुकडे मोजायची टेस्टही येतेय, ऑपरेशननंतर ते सापडले तर आजार परत यायचा धोका जास्त. पुढच्या काही वर्षांत हे कॅल्क्युलेटरमध्ये शिरेल असं मला वाटतं.

शेवटी ज्याचं आयुष्य आहे त्याला आकडा हवाय का, हे आधी विचारा. ताईला नको होता. तिने सरळ सांगितलं, मला स्कॅन स्वच्छ आहे की नाही एवढंच सांगा, बाकीचं तू ऐक. म्हणून डॉक्टरांशी आकड्यांचं बोलणं मी करते, ती बाहेर बसते, आणि तिला त्यातलं जेवढं हवं तेवढं ती मला विचारते. काही घरांत उलटं असतं, पेशंटला सगळं हवं असतं आणि घरचेच लपवतात, तेव्हा त्याला सगळं सांगायला हवं. तुमच्या रिपोर्टमधल्या एखाद्या शब्दाचा अर्थ लागत नसेल तर खाली विचारा, मला येत असेल तर सांगेन, नाहीतर डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते तरी आपण मिळून ठरवू.